बिनदाराचा तालुका

पाऊस तोंडावर आला की आपल्याकडे झाडं लावायला हजार हात पुढे येतात. शाळा, नगरपंचायत, ग्रामपंचायती, साखर कारखाने, तरुण मंडळं. खड्डे खणले जातात, रोपांचे ट्रक येतात, वाटप होतं. चांगलं काम आहे, ते वाढलं पाहिजे. पण त्या गर्दीत एक प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो इथे विचारतो. ट्रकमधून रोप उतरलं, त्याच्या पानामागे बसून आणखी कोण उतरलं?

प्रश्न किरकोळ नाही. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या शेतात, परसात आणि बांधावर ज्या नव्या किडी आल्या, त्यांतल्या बऱ्याच स्वतः उडत आल्या नाहीत. त्यांना कोणीतरी आणलं. रोपांतून, बेण्यातून, चाऱ्यातून, फळांच्या क्रेटमधून, खोक्यांच्या लाकडातून. आणणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याने पाहिलं नाही, एवढंच.

पपईवरचा पिठ्या ढेकूण घ्या. शेतकरी त्याला मिलीबग म्हणतात. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. पपईही तिकडचीच. पोर्तुगीजांच्या काळात ती भारतात आली आणि आपल्या परसात रुळली. तिचा हा शत्रू मात्र मागेच राहिला होता. चारशे वर्षांनी, 2008 साली, तो तमिळनाडूत कोइम्बतूरकडे सापडला. 2010 साली पुण्याच्या परिसरात दिसला, पुढे खानदेशातल्या पपईच्या बागांत शिरला. आणि तो पपईवर थांबला नाही. जास्वंद, तुती, पेरू, सीताफळ, साग, कापूस, वांगी, सगळं त्याला चालतं. हे काहीच मिळालं नाही तर गाजर गवत आहेच. हे गवतसुद्धा परकंच, 1950च्या दशकात पुण्यात नजरेत आलेलं. एक परका दुसऱ्या परक्याला वर्षभर पोसतो, आणि त्या दोघांना आपण बांधावर जागा देतो.

ह्या किडीचं वागणं नीट समजून घ्या, उपाय त्यातच आहे. पानामागे कापसासारखा पुंजका दिसतो, तो अंड्यांचा असतो. त्यात शंभरावर अंडी असतात. त्यांतून निघणारी पिवळसर पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात. वाऱ्यावर, कपड्यांवर, कोयत्याला चिकटून ती शेजारच्या झाडावर जातात. कीड रस शोषते, चिकट गोड पाणी सोडते. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि पान अन्न तयार करायचं थांबतं. गोडाच्या वासाने मुंग्या येतात, आणि आपलं खाद्य टिकावं म्हणून ह्या किडीला तिच्या शत्रूंपासून राखतात.

आता मुद्द्याची गोष्ट. ह्या किडीच्या मादीला पंख नसतात. कोइम्बतूर ते पुणे हे अंतर तिने स्वतःच्या बळावर कापलेलं नाही. तो प्रवास माणसाच्या वाहनाने घडवला.

आपल्या नेवासा तालुक्याला दूरचा माल नवा नाही. 1954 ते 1956 या काळात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशात उत्खनन केलं, तेव्हा रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठचा माल प्रवरेच्या काठी पोचत होता. पण त्या प्रवासाला महिनोन्‌महिने लागायचे. एवढ्या वाटेत हिरवं पान टिकत नसे, आणि पानावरची कीडही. आज गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, राजमहेंद्रवरमजवळ कडियमला, मैलोगणती रोपवाटिका आहेत. देशभर तिथली रोपं जातात, महाराष्ट्रातही येतात. आपल्या तालुक्यात प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते आणि ते पाणी कडियमच्या बाजूने समुद्राला जातं. रोपं उलट्या दिशेने येतात, ताडपत्रीखाली, ओलसर, ताजी. रोप ताजं राहतं तशी कीडही ताजी राहते.

हा दोष कडियमचा नाही. पुण्याच्या, नाशिकच्या किंवा आपल्याच महामार्गाकडेच्या रोपवाटिकेलाही हेच लागू आहे. रोपवाटिका म्हणजे दाटीने ठेवलेली हजारो कोवळी झाडं. किडीला याहून सोयीची जागा नाही. दोष घेणाऱ्याचा आहे, जो पान उलटून पाहत नाही.

शनिशिंगणापूर आपल्याच तालुक्यात. तिथल्या घरांना परंपरेने दारं नसतात, ती शनिदेवावरच्या श्रद्धेची गोष्ट आहे. झाडांच्या बाबतीत मात्र आपण सगळा तालुकाच बिनदाराचा ठेवला आहे, आणि त्यामागे श्रद्धा नाही, निव्वळ दुर्लक्ष आहे.

कायदा नाही असंही नाही. किडींना अटकाव करणारा कायदा 1914 सालचा आहे. परदेशातून येणारी रोपं आणि बियाणं 2003च्या विलगीकरण आदेशाखाली बंदरावर आणि विमानतळावर तपासली जातात. यंत्रांबरोबर येणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवायचं, नाहीतर धुरी द्यायची, आणि तसा शिक्का मारायचा. असा नियम का लागतो ते बघा. अमेरिकेत मिशिगन राज्यात 2002 साली एक हिरवा चमकदार भुंगा सापडला. पूर्व आशियातून, बहुधा खोक्यांच्या लाकडातूनच, तो आला होता. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात आणि झाडाच्या अन्नरसाचा प्रवाह तोडतात. तिथली ॲश जातीची कोट्यवधी झाडं त्याने मारली. शहरंच्या शहरं सावली हरवून बसली. तिथे सरपणाच्या वाहतुकीवर बंदी घालावी लागली, कारण सहलीला जाणारा माणूस गाडीत चार ओंडके टाकत होता आणि भुंगा नव्या जिल्ह्यात नेत होता.

देशाच्या वेशीवर निदान ही एवढी चौकी आहे. राज्याच्या आणि तालुक्याच्या वेशीवर रोपांच्या ट्रकची पानं कोण उलटतं? 2019च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं. किती लावली, किती जगली, यावर पुष्कळ वाद झाला. लावलेल्या रोपांवर काय बसून आलं, याची चर्चा मात्र कानावर आली नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर ऊसवाल्यांना विचारा. 2002 सालचा लोकरी मावा विसरलेला ऊसकरी प्रवरा-मुळेच्या पट्ट्यात सापडणार नाही. ही कीड आधी ईशान्य भारतात आणि बंगालकडे माहीत होती. जुलै 2002मध्ये ती सांगली जिल्ह्यात उद्रेकाने फुटली आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्राचा ऊस पांढरा झाला, मग बुरशीने काळा पडला. तिला मैलोगणती कोणी नेलं? बेण्याने आणि वाढ्यांनी. जनावरांना वाढे हवे म्हणून गाडी भरली आणि मावा शिवार बदलून गेला. त्या वेळी कृषी खात्याने आणि कारखान्यांनी घसा कोरडा करून सांगितलं की किडलेल्या फडातले वाढे हलवू नका. पटेपर्यंत उशीर झाला होता.

पहिली धाव तेव्हाही औषधाकडेच गेली. उंच उसात पंप चालवून माणसं थकली, पैसा गेला, मावा पुन्हा आला. शेवटी त्याला आवरलं ते मित्रकिडींनी. कोनोबाथ्रा म्हणजेच डिफा, मायक्रोमस आणि एनकार्शिया ही नावं त्या दोन-तीन वर्षांत पारावर ऐकू येऊ लागली. डिफाची अळी माव्यावर जगते. ती फडाफडातून नेऊन सोडली गेली. जिथे फवारणी थांबली तिथे ती वाढली. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ते आजही गावात आहेत. त्यांचं ऐका.

पपईच्या बाबतीतही हेच घडलं. मिलीबगच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि अंडी पुंजक्यात सुरक्षित असतात, म्हणून औषध वरून ओघळून जातं. मरतात ते तिला खाणारे ढालकिडे. तेव्हा बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक ब्युरोने 2010 साली अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. त्यांतली ॲसेरोफॅगस पपये ही सर्वांत कामाची ठरली. आकार एक मिलिमीटरपेक्षाही कमी. ती मिलीबगच्या पोटात अंडं घालते, अळी आतून किडीला खाते, आणि उरते ती फक्त कोरडी तपकिरी साल. आधी विलगीकरणात तपासून, मग तमिळनाडूत, मग इतर राज्यांत तिला सोडण्यात आलं. काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. ज्या बागांत फवारणी चालूच राहिली तिथे हा मित्र टिकू शकत नव्हता.

म्हणून सांगतो, झाडावर पांढरं दिसलं की पंप खांद्याला लावायची सवय सोडा. ही सवय किडीच्या बाजूने काम करते.

नारळाचंही तसंच. 2016 साली तमिळनाडूत पोल्लाचीला एक नवी पांढरी माशी सापडली. पानाखाली ती मेणाची चक्राकार नक्षी करते. मूळची मध्य अमेरिकेकडची. थोड्याच काळात ती केरळ, कर्नाटक आणि आंध्रात पसरली, पुढे कोकणातही दिसली. एनकार्शिया जातीची एक गांधीलमाशी तिच्या पाठोपाठ आपोआप आली आणि तिच्यावर पोसू लागली. शास्त्रज्ञांचा सल्ला एकच होता. रासायनिक फवारणी करू नका, पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि मित्राला वेळ द्या. नेवाशात दारोदार नारळ आहेत. हा सल्ला आतापासून लक्षात असू द्या.

एक चूक आपण झाडं निवडतानाही करतो. एकाच जातीचं झाड सगळीकडे लावायचं. 1970 आणि 80च्या दशकांत सुबाभळीचा केवढा बोलबाला होता. चारा, सरपण, खत, सगळं एकाच झाडातून मिळणार होतं. बांधावर, माळावर, रस्त्याकडेला सुबाभूळ उभी राहिली. 1988 साली तिच्यावरची परकी कीड, सिलिड, दक्षिण भारतात पोचली आणि कोवळे शेंडे करपू लागले. एकाच जातीची रांग असेल तर किडीला पुढचं झाड शोधावं लागत नाही. आज सुबाभळीच्या जागी रस्त्याकडेला आणि सोसायट्यांत दुसरी एखादी झटपट वाढणारी परदेशी शोभेची जात उभी राहते. नाव बदललं, चूक तीच.

त्यावर उपाय आपल्या मातीतच आहे. कडुनिंब, चिंच, बाभूळ, करंज, वड, पिंपळ, उंबर, बोर, शिरीष यांची सरमिसळ लावा. एका रांगेत सलग चार झाडं एका जातीची नकोत. आणि रोपं बाहेरून आणण्याऐवजी इथेच करा. चिंचोके उन्हाळ्यात मिळतात. निंबोळ्या पावसाच्या सुरुवातीला झाडाखाली पडतात. त्यांची उगवणशक्ती थोड्या आठवड्यांत जाते, म्हणून गोळा केल्या की लगेच पेराव्या लागतात. प्रत्येक शाळेने पाचशे पिशव्या भरल्या तरी गावाला पुरतील एवढी रोपं तयार होतात. ती इथल्या मातीतली, इथल्या उन्हाला सरावलेली असतात, आणि त्यांच्याबरोबर परका पाहुणा येत नाही.

आता घरच्यांसाठी आणि बागवाल्यांसाठी, सरळ भाषेत.

रोप घेताना पान उलटा. देठाचा सांधा, शेंड्याचा कोंब आणि खोडाचा तळ बघा. पांढरा पुंजका, चिकटा, काळी बुरशी किंवा मुंग्यांची रांग दिसली तर रोप घेऊ नका, फुकट मिळालं तरी. पिशवीतली माती सैल करून पाहा. आणलेलं रोप पंधरा दिवस जुन्या झाडांपासून दूर ठेवा, मग लावा.

कीड दिसलीच तर आधी पाण्याच्या धारेने धुवा. जास्त किडलेली फांदी छाटा, साबणाच्या पाण्यात बुडवा, मग पुरा. ती रस्त्यावर, उकिरड्यावर किंवा कालव्यात टाकू नका, नाहीतर तुमची कीड शेजाऱ्याकडे जाईल. खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट अडवा. मुंगी हटली की ढालकिड्यांना काम करता येतं. झाडाखालचं गाजर गवत फुलोऱ्याआधी उपटा. गरज पडली तर निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी, किंवा संध्याकाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी वापरा. रासायनिक औषध अगदी शेवटी, आणि तेही कृषी खात्याच्या सल्ल्याने.

एक गफलत टाळा. मिलीबगमध्ये कधी कधी तिच्यासारखीच पांढरी, पण मोठी, लांब मेणाच्या झिपऱ्यांची अळी दिसते. ती क्रिप्टोलीमस ह्या ढालकिड्याची अळी. हा भुंगेरा 1898 साली ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला गेला तो कॉफीवरच्या खवलेकिडीसाठी, पण तो मिलीबग आवडीने खातो. लोक तिला कीड समजून चिरडतात. ओळख सोपी आहे. मिलीबग जागेवर बसून असते, ही अळी भराभर चालते. चालणाऱ्या अळीला हात लावू नका.

प्रत्येक किडा परकाही नसतो. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जे तपकिरी भुंगेरे जमतात, ते आपल्याच हुमणीचे. ऊसपट्ट्यातली गावं तेव्हा फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडतात आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात. एकट्याने हे करून भागत नाही, सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात करावं लागतं. म्हणजे एकत्र येऊन किडीला तोंड देणं आपल्याला शिकवायला नको. परक्या किडीसाठीही तेवढीच एकी हवी, फक्त ती कीड पसरण्याच्या आधी.

आणि नवं काही दिसलं तर लपवू नका. फोटो काढायचाच तर पानाच्या मागचा काढा आणि तुमच्या गावच्या कृषी खात्याच्या माणसाला पाठवा. शेजारच्या राहुरी तालुक्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. शेवगाव तालुक्यात दहिगाव-नेला कृषी विज्ञान केंद्र आहे. कीटकशास्त्रज्ञ एवढ्या जवळ असणं प्रत्येक तालुक्याच्या नशिबी नसतं. नवी कीड पहिल्या चार झाडांवर ओळखली गेली तर चार झाडांवर थांबवता येते.

आता ज्यांच्या हातात पैसा आणि सही आहे त्यांना. नगरपंचायत, ग्रामपंचायती, कारखाने, वृक्षारोपणाचे सगळे आयोजक, तुमच्या रोप खरेदीच्या आदेशात एक ओळ घाला. कीड दिसलेलं रोप परत केलं जाईल आणि त्याचे पैसे दिले जाणार नाहीत. ट्रक आल्यावर वाटपाच्या आधी निदान दर शंभरातली दहा रोपं कृषी खात्याच्या माणसासमोर तपासा. ह्याला नवा निधी लागत नाही, एक सकाळ लागते. फळझाडांच्या रोपवाटिकांना राज्यात 1969च्या कायद्याने परवाना लागतो. तो परवाना बघायला मागा. एका ठोक खरेदीदाराने ट्रक परत पाठवला की पुढच्या वर्षी रोपवाटिकेवाला स्वतःच पानं तपासून पाठवेल. बाजाराला हीच भाषा कळते.

किती रोपं लावली, हे दरवर्षी सगळेच सांगतात. यंदा किती रोपं परत पाठवली तेही जाहीर करा. तो आकडा शून्य असेल, तर तपासणी कोणी केली आणि काय पाहिलं, याचं उत्तर देण्याची तयारी ठेवा.